सुजाताचा डावा पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि जिच्या बाबतीत हे घडलं तिला — तिला तर नाहीच. सांगायचं ठरवते, मग आधी ओटा पुसून घेते, उद्याच्या कामांची यादी करते, गॅस बंद आहे ना ते बघते, आणि मग वाटतं, आता राहू दे. असं किती वेळा राहू दिलं ते मोजलेलं नाही. एरवी मी सगळं मोजते.

मोजणं हे माझं कामच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. पोट उघडायच्या आधी चिमटे, सुया, गॉजचे तुकडे मोजायचे आणि शिवायच्या आधी पुन्हा मोजायचे. एक तुकडा जरी कमी भरला तरी सर्जन कितीही मोठा असो, मी ‘थांबा’ म्हणते. तो चिडतो, घड्याळ बघतो. मी हलत नाही. माझ्या हाताखालच्या मुली म्हणतात की सिस्टर देवालाही थांबवतील. हे एवढ्यासाठी सांगते आहे की, मला बोलायची भीती वाटली असं तुम्ही समजू नये. दिसलेली चूक तोंडावर सांगणं मला येतं. त्याचाच मला पगार मिळतो.

मग त्या वेळी का नाही सांगितलं?

तिकडे सरळ जाता येत नाही. जरा फिरून येऊ द्या.

चाळिशीच्या अलीकडेच माझी कंबर धरायला लागली. तासन् तास उभं राहण्याचं फळ. आमच्याच हाडांच्या डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, म्हणून मी वर्ध्याच्या टँकवर बायकांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलं. पाण्याची मला आवड नव्हती. मी पोहायला शिकले ती एखादा कोर्स पूर्ण करावा तशी: आधी श्वास, मग पाय, मग हात, मग सगळं एकत्र. टँकवरच्या कोचनी नियमांची पुस्तिका दिली, ती मी पाठ केली. पुढे कळलं की मोठ्या माणसांच्याही स्पर्धा असतात, वयाच्या गटाप्रमाणे. मी त्यातला मिडले हा प्रकार निवडला. एकाच शर्यतीत चारही पद्धतींनी पोहायचं: आधी बटरफ्लाय, मग पाठीवर, मग ब्रेस्टस्ट्रोक, शेवटी फ्रीस्टाईल. प्रत्येकाचे नियम वेगळे, क्रम ठरलेला. एक काम संपवून भिंतीला हात लावायचा आणि दुसरं काम हातात घ्यायचं. माझ्यासारख्या बाईला याहून आणखी काय हवं?

मी वेगवान नव्हते. पण चुकत नव्हते. आमच्या जिल्ह्यात माझ्या वयाची मिडले पोहणारी दुसरी बाईच नव्हती, त्यामुळे दर वर्षी पहिली यायचे. एकटीच धावणारी बाई पहिली येते तशी — हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी त्या पहिल्या नंबरची मला सवय झाली होती.

मग सुजाता आली.

ती एसटीत कंडक्टर. सेलूला राहायची, ड्युटी वर्ध्याहून सुटायची. दिवसभर गाडीत उभं राहून पाय सुजतात म्हणून आली होती. पहिल्या दिवशी कोच तिला पाण्याची सवय वगैरे समजावत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पदर खोचावा तशी टोपी कानांवर खोचली आणि खोल बाजूने सरळ उभी उडी टाकली. काठावर बसलेल्या आम्ही सगळ्या भिजलो. वर आली ती हसतच.

“अव बाप्पा, हे तं न्हाणीतलं पाणी हाय! आमच्या विहिरीचं पाणी कसं अंगाले चावते.”

केळझरच्या पुढे आतल्या बाजूला तिचं माहेर. तिथल्या त्यांच्या शेतातल्या विहिरीत ती पाच वर्षांची असताना बापाने तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधून तिला आत सोडलं होतं. तेव्हापासून लग्न होईपर्यंत दर उन्हाळा तिने त्या विहिरीत काढला. मला जे शिकायला वर्षं लागली ते तिला येतच होतं. फक्त त्याची नावं तिला माहीत नव्हती.

तिने मला ‘सिस्टर’ म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळ्या टँकने तेच उचललं. आमची लेन तिच्यामुळे गाडी झाली. कुणी भिंतीपाशी रेंगाळलं की ती ओरडायची, “चला, पुढं सरका, मागं जागा नाई!” आणि निघताना तोंडाने टिंगटिंग करायची — डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. मी हसायचे. खरंच हसायचे. ती मला आवडत होती. हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला सोपं वाटेल.

मिडलेची कल्पना मीच तिच्या डोक्यात घातली. तिला बटरफ्लाय येत नव्हतं, ते मी शिकवलं. मन लावून शिकवलं. तिच्या पोटाखाली हात धरून, काठावर पालथं झोपवून, लाट कंबरेतून कशी निघते ते दाखवून. उन्हाळा संपेपर्यंत तिला ते जमलं, आणि पावसाळा संपेपर्यंत ती त्यात मला गाठायला लागली. नियम समजून घ्यायचा तिला कंटाळा. म्हणायची, “वाचाचं काम तुमचं, पोहाचं माह्यं. जसं ड्रायव्हर अन् कंडक्टर.” मी हो म्हटलं. वाचायचं काम माझं — हे मी कबूल केलेलं होतं.

आता पायावर येते.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही पाय बेडकासारखे, एकाच वेळी, एकसारखे मारायचे. दोन्ही पावलं बाहेर वळलेली हवीत. एक पाय बरोबर आणि दुसरा आडवा पडला, कात्रीसारखा, तर पंच बाद करतात. नियमात शंकेला जागा नाही.

सुजाताचा डावा पाय आडवा पडायचा.

कारणही मला कळत होतं. विहीर गोल. गोल विहिरीत पोरं काठाकाठाने फिरत पोहतात, आणि तिच्या विहिरीत म्हणे सगळी एकाच बाजूने फिरायची, नाहीतर टक्कर. सतत एकीकडे वळत राहायचं तर वळणाच्या आतला पाय आडवाच टाकावा लागतो. लहानपणापासून तिचा डावा पाय तसाच पडत आला होता, आणि ती सरळ लेनमध्ये आली तरी पाय मात्र विहिरीतच फिरत होता. तिच्या ताकदीपुढे ते लक्षात यायचं नाही. काठावरून सहज बघणाऱ्याला तर दिसतच नव्हतं, वर नुसता फेस. ते पाण्याखालून, मागून येणाऱ्यालाच स्पष्ट दिसायचं.

आणि तिच्या मागून मी पोहत होते. रोज.

पहिल्या महिन्यातच दिसलं. तेव्हा वाटलं, आधी बटरफ्लाय बसू दे, एका वेळी एकच गोष्ट. हे प्रामाणिक होतं. मी सगळ्या कामांत असंच करते. मग बटरफ्लाय बसलं. मग वाटलं, जिल्ह्याची निवड होऊन जाऊ दे, आत्ता मोडतोड नको. हे — हे अर्धं प्रामाणिक होतं. जिल्ह्याच्या निवडीला पंच म्हणून शाळांमधले पीटीचे मास्तर होते, ते सगळे घड्याळाकडे बघत होते, पायाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सुजाता पहिली आली. मी दुसरी. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या, तिला मिठी मारली. घरी आले, ओले कपडे वाळत घातले, आणि दोरीवर चिमटे लावताना माझ्या लक्षात आलं की आता मी तिला सांगणार नाही.

असं ठरवून काही ठरवलं नव्हतं. एवढंच कळलं, की सांगण्याची घाई माझ्यातून निघून गेली आहे.

कशाचा राग होता मला? नंबराचा? थोडा. पण त्याहून जास्त टोचायचं ते तिचं हसणं. ती पोहतानाही हसायची, भिंतीला हात लावून वळताना तोंडात पाणी गेलं तरी हसायची. मी इतकी वर्षं दात आवळून जे केलं होतं, त्यात तिला मजा वाटत होती. तिच्याकडे बघून मला पहिल्यांदा कळलं की मला कधीच मजा आलेली नाही. हे तिने माझं काय वाईट केलं? काहीच नाही. तरी तिला त्याची शिक्षा व्हावी असं मला वाटत होतं. लिहिताना हे वाक्य मला पुन्हा वाचवत नाही. पण तेच खरं आहे.

मग ती सकाळ. राज्य स्पर्धेला काही आठवडे उरले होते. शेजारच्या लेनमध्ये मुलांना शिकवणारे कोच जाता जाता तिला म्हणाले, ताई, तुमची किक कुणाला तरी दाखवून घ्या, पाणी फार उडतं. एवढंच म्हणून ते मुलांकडे वळले. सुजाता भिंतीशी थांबली. चष्मा कपाळावर चढवला. डोळ्यांभोवती लाल गोल उठले होते. मी मागून येऊन तिच्या शेजारी भिंत धरली.

“सिस्टर, तुमी माह्या मागं राह्यता. माह्या पायाचं काही चुकून तं नाई राह्यलं?”

सरळ प्रश्न. यापेक्षा सरळ कुणी काय विचारणार? आणि वेळही होता. पाय सुधारायला एक-दोन महिने लागतात. निदान सुरुवात झाली असती, निदान तिला माहीत असतं.

“मला तर ठीक दिसतो,” मी म्हटलं.

“मंग झालं. तुमची नजर म्हंजे एक्स-रे.” चष्मा खाली ओढला, टिंगटिंग केलं आणि निघाली. मी तिच्या मागून निघाले. डोकं पाण्यात घातलं आणि समोर तो पाय. उजवा बाहेर, डावा आडवा. उजवा बाहेर, डावा आडवा. त्या दिवशी मी ठरलेलं सगळं अंतर पूर्ण केलं.

राज्य स्पर्धा पुण्याकडे होती. आमच्या गटातल्या पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. प्रवासाचं सगळं मी बघितलं: दोघींची वैद्यकीय प्रमाणपत्रं, फोटो, जादा चष्मे, जादा टोप्या, सेफ्टी पिना, ओआरएसची पाकिटं. सुजाताबरोबर तिचे वडील आले होते. सत्तरी उलटलेले, उंच, काळेसावळे, कमी बोलणारे. त्यांनी मुलीला पोहायला शिकवलं होतं, पण तिला शर्यतीत पोहताना कधी पाहिलं नव्हतं. त्या एवढ्याशा गोष्टीसाठी ते गाडीत अंग आखडून एवढा प्रवास करून आले. मला ‘बाई’ म्हणायचे. गाडीत म्हणाले, “बाई, तुमी हिले घडवलं.” मी म्हटलं, काका, तुम्ही घडवलं. आणि खिडकीबाहेर बघत बसले.

शर्यत. मी चौथ्या लेनमध्ये, ती पाचव्या. बटरफ्लायमध्ये ती पुढे, पाठीवर मी तिला गाठलं, भिंतीला दोघींनी जवळजवळ एकदमच हात लावला. मग ब्रेस्टस्ट्रोक. दोन-तीन झटक्यांत ती माझ्या पुढे सरकली. श्वासाला डोकं वर काढलं की मला काठ दिसायचा, आणि काठावर पांढरे बूट. पंच तिच्या बरोबरीने चालत होता. पुन्हा डोकं वर — बूट तिच्याबरोबरच. आणि तेव्हा, दम लागलेला असताना, पाण्यात अर्धी बुडालेली असताना, मला काय वाटलं सांगू?

बघ. नीट बघ.

हेच शब्द होते. मी ते तोंडाने बोलले नाही, पण ते माझे होते.

ती दुसरी आली, मी तिसरी. ती दोरीला लटकून धापा टाकत हसत होती. “सिस्टर! मी दुसरी, तुमी तिसऱ्या! वर्धा गाडी फुल्ल!” वर गॅलरीत तिचे वडील उभे राहिले होते, हात वर न करता नुसतेच उभे. मग लाउडस्पीकर खरखरला, आणि पाचव्या लेनची स्पर्धक बाद असल्याचं सांगितलं. तिने टॉवेल खांद्यावर घेता घेता माझ्याकडे पाहिलं.

“पाच नंबर म्हंजे... मीच नं?”

मी म्हटलं, थांब, विचारून येते. विचारायला जायचं काम माझंच.

पंच वयस्क होते, सौम्य. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, तुमच्या मैत्रिणीबद्दल फार वाईट वाटलं. मग त्यांनी दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले, दोन पावलं असावीत तसे. एक बाहेर वळवला, दुसरा आडवा टाकला. “डावा पाय,” म्हणाले. “इतकी सुंदर पोहते ती. दोनेक महिने कुणी मागे लागून करून घेतलं तर सुटेल. तिला सांगा, पुढच्या वर्षी नक्की या.” त्यांनी ते दोनदा सांगितलं. तिला सांगा.

पंचांच्या टेबलापासून गॅलरीच्या पायरीपर्यंत किती अंतर असेल? फार नव्हतं. तेवढ्या वाटेत मी हिशेब केला. ‘डावा पाय’ म्हटलं, की ती विचारणार: तुमी तं मागंच होत्या, तुमाले दिसला नाई? म्हणून पायरीशी पोचेपर्यंत मी दुसरंच वाक्य तयार केलं.

“नीट काही सांगत नाहीत,” मी म्हटलं.

मग तिचे वडील मुलीकडे न बघता हळूच म्हणाले, “नाव पाह्यलं असन त्याईनं.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आडनाव. त्यांचं घर बौद्ध, आणि ते आडनाव आमच्या भागात कुणी ऐकलं की लगेच ओळखू येतं. सुजाता म्हणाली, “काहीतरीच बोलता बाबा, आता नाई राह्यलं तसं.” ते माझ्याकडे वळले. आरोप नव्हता त्यांच्या डोळ्यांत. त्यांना फक्त माहिती हवी होती, आणि ती आणायला गेलेली बाई मी होते.

“बाई, तुमी आत जाऊन आल्या. नावामुळंच केलं का?”

इथे मी ‘नाही’ म्हणू शकले असते. नुसतं ‘नाही काका’. कारण सांगायचीही गरज नव्हती. मी गावातल्या एका चांगल्या खात्यापित्या शेतकरी घरातली मुलगी; माझ्या आडनावाकडे बघून कुणी कधी थबकल्याचं मला आठवत नाही. त्या माणसाला आयुष्यात किती वेळा ते सोसावं लागलं असेल, हे मला नीट माहीत नव्हतं. पण हे या वेळी घडलेलं नाही, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

“काय सांगावं, काका,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. जणू बऱ्याच वर्षांपूर्वी दिलेल्या परीक्षेचा अपेक्षेप्रमाणेच निकाल लागला होता. सुजाताचा चेहरा मात्र तोवर उघडा होता, तो मिटला. मी ते बघितलं. ती बाद झाल्याने रडली नव्हती. आता ओठ घट्ट धरून उभी राहिली. “चाल पोरी,” ते म्हणाले.

परतीच्या गाडीत दुपारी त्यांनी फडकं सोडलं. भाकरी आणि जवसाची चटणी. आधी माझ्यापुढे धरली. मी घेतली, खाल्ली. खाता खाता ते सांगू लागले, तक्रार म्हणून नाही, सहज. लहानपणी ते आईबरोबर गावच्या विहिरीपासून लांब भांडं ठेवून उभे राहायचे. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. कधी सकाळ जायची, कधी दुपार. मोठे झाल्यावर बाप-लेकांनी मिळून आपल्या शेतात विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी त्यांच्या बापाने पाणी प्यायच्या आधी आत उडी मारली. “पोहता येत नव्हतं त्याले,” ते म्हणाले. “दोरीनं काढला आमी. पन हसत होता.” मग मुलीकडे बघून, “म्हून हिले शिकवलं.”

माझ्या पिशवीत दुसऱ्या क्रमांकाचं पदक होतं. सुजाताला बाद केल्यावर मी दुसरी ठरले होते. तिनेच टाळ्या वाजवल्या होत्या.

राष्ट्रीय स्पर्धेला मी गेले. शेवटून दुसरी आले. परतल्यावर रुग्णालयात छोटा सत्कार झाला, त्याला सुजाता ड्युटीवरून तशीच खाकी कपड्यांत आली, झेंडूचा हार घेऊन. माझ्या गळ्यात घालून सगळ्यांना म्हणाली, “आमच्या सिस्टरनं वर्ध्याचं नाव केलं.” तिथे कुणाला काय माहीत. मी सगळ्यांना पेढे वाटले.

ती टँकवर यायची बंद झाली. मी एकदा बसमध्ये भेटल्यावर विचारलं, काऊन गं? तिच्या भाषेत विचारलं, जवळिकीने. तिकीट फाडत म्हणाली, “कायले? आपली विहीर हाय नं.” माझ्याशी ती पूर्वीसारखीच आहे. दिवाळीला फराळ पाठवते. माझ्या आईच्या आजारपणात दवाखान्याच्या चकरांना सर्वात आधी तीच आली. माझ्याबद्दल तिच्या मनात काहीच नाही. तेच तर आहे.

या मे महिन्यात तिने मला माहेरी बोलावलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गावातल्या पोरींना विहिरीत पोहायला शिकवते. पाठीला भोपळे, काहींना प्लास्टिकचे डबे. मी कठड्याशी उभी राहून खाली बघितलं. सात-आठ मुली, सगळ्या एकाच बाजूने गोल फिरत होत्या, ओरडत, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत. पाणी स्वच्छ होतं आणि ऊन थेट आत पडलं होतं, त्यामुळे वरून सगळं दिसत होतं. सगळ्यांचे डावे पाय आडवे.

तिचे वडील कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. आता कमी दिसतं त्यांना. सुजाता सांगत होती की शाळेच्या मास्तरांना यातल्या दोघींना जिल्ह्याच्या स्पर्धेला न्यायचंय, फार मागे लागलेत. “मी नाई म्हटलं. पोरींले तिथं अपमान करून घ्याले कायले पाठवू? आपलं नाव पाहून बाद करतेत.” ती हे शांतपणे बोलली. त्यातली एक मुलगी, काळी, चपळ, वेणी डोक्यावर बांधलेली, आमचं बोलणं ऐकत विहिरीच्या भिंतीतला दगड धरून वर बघत होती. तिला जायचं होतं. कुणालाही दिसलं असतं.

मग सुजाता माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांनी, तेच.

“सिस्टर, तुमी सांगा बरं. बरोबर पोहते का माह्या पोरी?”

“छान पोहतात,” मी म्हटलं.

त्या मुलीने दगड सोडला आणि पुन्हा गोल फिरायला लागली.

हे तिला आधी तोंडाने सांगायला हवं होतं, मग लिहायला. मी उलट केलं आहे. तेही यातच धरा. ती हे वाचेल की नाही, मला माहीत नाही. वाचलं तर तिला आणि तिच्या वडिलांना जे सांगायचं होतं ते इथे सरळ लिहून ठेवते. त्या दिवशी कुणीही तुमचं नाव पाहिलं नव्हतं. त्या भल्या माणसाने तुझा डावा पाय पाहिला, आणि तो आडवा पडतो हे तुला कळावं म्हणून दोन्ही हातांनी करून दाखवलं. ते हात माझ्यासमोर धरले होते, सुजाता. आणि तो पाय मी त्याच्या आधी वर्षभर रोज पाहत होते.